तैयबा खालाच्या अकरा चाव्या

दांडेखारला नवा पाहुणा आला की गाव त्याला समुद्र दाखवत नाही. समुद्र काय, इथे सगळ्यांच्याच दारात आहे. गाव त्याला मोहल्ल्यातली बंद घरं दाखवतं. बोर्ली पंचतनहून येणारा रस्ता मशिदीपाशी वळतो, तिथून ओळीने अकरा घरं. दुमजली, पुढे खांब, खांबांवर वेलबुट्टी, खिडक्यांना काळ्या काचा. मालक कतार, कुवेत, दुबईला, एक मस्कतला. वर्षातून एकदा मे महिन्यात येतात, पंचवीस-तीस दिवस राहतात, आंबे खातात आणि परत जातात. बाकीचे अकरा महिने त्या घरांत वाळवी राहते, भाडं न देता.

या अकराही घरांच्या चाव्या एका बाईकडे असतात. तिचं नाव तैयबा. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, पण चाल अशी की तिच्याबरोबर बोलत चालायचं तर आपल्याला धाप लागते. सगळं गाव तिला खाला म्हणतं, कोळीवाडासुद्धा. चाव्या ती बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात ठेवते. डबा गल्फचा आहे. बिस्किटं कोणी खाल्ली ते आता कोणाला आठवत नाही. खाला शाळेत गेली नाही, म्हणून चाव्यांवर नावं नाहीत. प्रत्येक चावीला एक चिंधी बांधलेली आहे आणि ती चिंधी त्या त्या घरातल्या थोरल्या बाईच्या जुन्या ओढणीची आहे. हिरवी जरीची मुआजच्या आईची, चॉकलेटी ठिपक्यांची रुबिनाबाईंची, आणि अशा अकरा. ही लिपी वाचता येणारं माणूस गावात एकच.

बंद घर सांभाळणं म्हणजे नुसतं कुलूप बघणं, असं मलाही वाटायचं. तसं नसतं. खाऱ्या वाऱ्याने कुलूप महिन्यात गंजतं, त्याला खोबरेल घालावं लागतं. संडासात पाणी ओतलं नाही तर वास वर येतो आणि मग सगळं घर तसं होतं. पंखे फिरवायचे, गाद्या उन्हात टाकायच्या, पावसाळ्यात भिंतीवर आलेली बुरशी फडक्याने पुसायची. दिवसाला दोन घरं असं तिचं वेळापत्रक. मोबदला म्हणून मालक मे महिन्यात काही हातावर ठेवायचे आणि वर एक ओढणी, अत्तराची बाटली. खालाकडे अत्तराच्या इतक्या बाटल्या आहेत की अत्तर पिता येत असतं तर तिची उपासमार कधी झाली नसती.

शिवाय व्हिडिओ कॉल. शुक्रवारी नमाजानंतर मालकांना घराची आठवण येते. मग खाला फोन घेऊन घरातून फिरते आणि एकेक खोली दाखवते. मी एकदा मुआजच्या घरी घरपट्टीची नोटीस द्यायला गेलो होतो, तेव्हा ते पाहिलं. मुआज हा पस्तिशीतला, दोह्यात एअर कंडिशनिंगचा धंदा करणारा, त्याच्या घराचं नाव गुलिस्ताँ मंझिल. खालाने आरशासमोरून फोन नेला तशी तीही त्यात दिसली. दोह्याहून आवाज आला, "खाला, जरा बाजूला हो, कपाट दिसू दे." ती झटकन बाजूला झाली. सवयीने, जशी आपण मागून येणाऱ्या गाडीला वाट देतो. त्यात मुआजचं काही वाईट मनात नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला कपाट बघायचं होतं.

आता मी कोण ते सांगतो. मी गावचा ग्रामसेवक. मध्यंतरी सरकारने आमचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण गाव आधीही भाऊसाहेब म्हणायचं आणि आताही म्हणतं. चोवीस वर्षांची नोकरी झाली. माझं अक्षर चांगलं आहे, आणि या गोष्टीतला सगळा घोटाळा त्या चांगल्या अक्षरामुळेच झाला.

खालाचं स्वतःचं घर होतं. नवरा मुंबईत एका हॉटेलात भटारी होता, तो गेला त्याला वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. एका सुपारीच्या वाडीत, वाडीवाल्याच्या परवानगीने उभं केलेलं पत्र्याचं घर होतं. निसर्ग वादळ आलं तेव्हा पत्रे उडाले. त्यातला एक तीन दिवसांनी खाडीपलीकडे सापडला. मग वाडीवाल्याने म्हटलं, आता इथे पुन्हा घर नको, सुपारी लावायची आहे. मुआजच्या आईने फोनवरून सांगितलं, "तैयबा, आमच्या मागच्या खोलीत रहा, घर तुझंच हाय." ती तात्पुरती राहायला गेली. त्या तात्पुरत्याला पाच वर्षं होत आली होती तेव्हा मी गावात सर्वेक्षणाला निघालो.

घरकुलाच्या यादीविषयी दोन शब्द बोलायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. पूर्वी यादी वरून यायची. दिल्लीत ठरायची, मुंबईमार्गे अलिबागला, तिथून तालुक्याला आणि मग आमच्या फलकावर. त्यात मेलेली माणसं असायची, दोनदा आलेली माणसं असायची, आणि ज्याला खरी गरज तो हमखास नसायचा. गाव मात्र सुखी होतं. कारण शिव्या द्यायच्या तर त्या दिल्लीला. मग हळूहळू अधिकार खाली येऊ लागले. सर्वेक्षण गावातच करा, यादी ग्रामसभेत वाचा, कोण पात्र कोण अपात्र आणि आधी कोणाला ते गावाने ठरवा, गावठाणात बांधकामाचा कागदही पंचायतीनेच द्या. ऐकायला झकास आहे. पण ज्याला नाही म्हणायचं तो समोर सतरंजीवर बसलेला असतो, आणि सभा संपल्यावर त्याच्याच टपरीवर चहा प्यायचा असतो. अधिकार गावात आला तसा वाईटपणाही गावात आला, आणि तो कोणालाच नको होता.

तर सर्वेक्षण. मोबाईलमध्ये अॅप, माणसाला त्याच्या राहत्या घरासमोर उभं करायचं, फोटो काढायचा, प्रश्न विचारायचे. खाला राहत होती गुलिस्ताँ मंझिलमध्ये. मी तिला तिथे उभं केलं. ती फोटोतून बाजूला सरकत होती, मी ओढून आत घेतलं. भिंती कशाच्या? पक्क्या. छप्पर? स्लॅब. खोल्या किती? खालाने मोजून सांगितलं, "चौदा." संडास? "पाच. एकाचा फ्लश बिघडलाय." अॅपने पुढचे प्रश्नच विचारले नाहीत. अपात्र, म्हणून लाल पट्टी आली.

मागच्या खोलीत वेगळं राहणाऱ्यांसाठी काही रकाना असतो का, हे मी त्या दिवशी शोधायला हवं होतं. शोधलं नाही. तीस घरं उरकायची होती आणि ऊन होतं. ही माझी पहिली चूक. मी तिला म्हटलं, "खाला, काळजी नको. ग्रामसभेत अपील करू. फक्त मुआजकडून एक चिठ्ठी आणा, की ही बाई आमच्या मागच्या खोलीत नुसती राहते, घर तिचं नाही."

मुआजला मीच फोन लावला. तो प्रेमाने बोलला, आईची तब्येत सांगितली, माझी विचारली. चिठ्ठीचं नाव काढलं तसा आवाज खाली आला. "भाऊसाहेब, राहते म्हणून लिहून दिलं की उद्या कूळ लागायचं." मी म्हटलं, अरे कूळ शेतजमिनीला लागतं, मागच्या खोलीला कुठलं? "ते तुम्ही बोलता. आमच्या आजोबांची वाडी कशी गेली ते मला ठाऊक हाय. घर खालाचंच हाय, मरेपर्यंत राहू दे तिला. फक्त लिहून मागू नका." कोकणात माणूस भुताला भिणार नाही इतका कुळाला भितो, आणि त्या भीतीला इलाज नाही. बाकीच्या दहा जणांनीही हेच उत्तर दिलं, कोणी मराठीत, कोणी उर्दूत. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. तो कितीही वाढला तरी कागदावर सांडत नाही.

जानेवारीतल्या ग्रामसभेला कोरम झाला नाही. आमच्याकडे तो होतच नाही. पहिल्या सभेला मी, शिपाई आणि सरपंच, सभा तहकूब, मग तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून गाव निवांत येतं. त्या सभेत मी अपिलं वाचली. खालाचं नाव वाचलं, 'बेघर' हा शब्द वाचला, आणि मोहल्ल्याच्या बाजूच्या सतरंजीवर चुळबुळ झाली.

हमदुल्लाभाई उठले. हे जमातीचे अध्यक्ष, सत्तरीपुढचे, तारुण्यात जहाजावर होते. माणूस सोन्यासारखा. मोहल्ल्यात मयत झाली की पहिले तेच पोचतात. पण समोरच्या सतरंजीवर कोळीवाडा बसलेला, आणि त्याच्या देखत मोहल्ल्यात एक बाई बेघर आहे असं ऐकणं त्यांना सोसेना. ते म्हणाले, "भाऊसाहेब, शब्द मागं घ्या. आमच्या मोहल्ल्यात बेघर? अल्लाच्या मेहेरबानीनं तैयबाच्या हातात अकरा घरां हायत. कंच्याबी घरात जावां, राहावां, खावां. कोन न्हाय बोलतंय काय? सगली घरां तिचीच हायत."

मोहल्ल्याने माना डोलावल्या. कोणी "बेशक" म्हणालं. घरं मालकांची, मालक परदेशात, आणि दान करणारे हमदुल्लाभाई. यालाच आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, पण भावना खरी होती. मी खालाकडे पाहिलं. म्हटलं, "तुमचं काय म्हणणं?"

ती उभी राहिली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "भाईजान बोलले ते खरां. मला कमी काय हाय?"

दुसरं काय म्हणणार होती? वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत, तेही दुसऱ्या सतरंजीसमोर खोटं पाडायची तिथे रीत नाही. मोहल्ल्याची लाज राखायला तिने स्वतःचं घर दिलं, आणि देताना हसली. ते मला दिसलं होतं. तरीही मी इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर महिलेस गावात अकरा पक्की घरे उपलब्ध असल्याने अपील निकाली काढण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर.' ही दुसरी चूक. पहिली घाईत झाली होती. ही मी सावकाश केली, कारण सगळं गाव खूश होतं आणि मला जेवायला घरी जायचं होतं. या चुकीची मला अजून लाज वाटते.

मोहल्ल्याने खालाचं अभिनंदन केलं. ती दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे दोन घरांच्या गाद्या उन्हात टाकत होती.

दरवर्षी मे महिन्यात मालक आले की खाला आपली ट्रंक उचलून मागच्या खोलीतून निघायची. मुआजकडे पाहुणे, तर ती रुबिनाबाईंच्या बंद घरात. रुबिनाबाई आल्या, तर तिसऱ्या घरात. अकरा घरं एकदम कधी भरत नसत, म्हणून ते जमायचं. त्या वर्षी मुआजच्या बहिणीचं, सिदराचं लग्न निघालं. अकराही कुटुंबं एप्रिलअखेर येऊन दाखल झाली. गच्च्यांवर मंडप, अंगणात गाड्या, ज्या खोल्यांत वर्षभर पाल चुकचुकायची तिथे माणसं दाटीवाटीने झोपू लागली. खाला पहाटे स्वयंपाकघरात हजर असायची आणि रात्री भांडी घासून निघून जायची. कुठे जाते, हे कोणी विचारलं नाही. प्रत्येक घराला वाटत होतं, ती उरलेल्या दहांपैकी एकात असेल.

एक मेची ग्रामसभा आली. विषयपत्रिकेवर बंद घरांची घरपट्टी वाढवण्याचा विषय होता, त्यामुळे अकराच्या अकरा मालक झेंडावंदनापासूनच शाळेत येऊन बसले होते. अत्तराचा वास पार कोळीवाड्याच्या सतरंजीपर्यंत. माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्याच झटक्यात कोरम पूर्ण झालेली ही एकमेव सभा. हजेरीचं रजिस्टर मी दोनदा तपासलं.

सरपंच किशोरीताई खुर्चीवर होत्या. कोळीवाड्यातल्या, घरची होडी, स्वतः मासळी वाळवून बोर्लीच्या बाजारात विकणाऱ्या. सरपंचपद आरक्षणाने आलं, पण आवाज आधीपासूनचा आहे. घरपट्टीचा विषय सुरू होणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा. आदी खालाला बोलायचां हाय."

खाला पुढे आली. हातात निळा डबा. तिने तो टेबलावर, माझ्या रजिस्टरशेजारी उपडा केला. अकरा चाव्या चिंध्यांसकट पसरल्या. एक गडगडत खाली पडली, ती तिने उचलून वर ठेवली.

"भाऊसाहेबांनी लिवलंय माजी अकरा घरां हायत," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "भाईजान बोलले, मी हां बोलली. आज अकराबी घरांत पावनं हायत. अल्ला त्यांना खूश ठेवो. यातली माजी चावी कंची, ती गावानं काढून द्यावी. मला तिकडं ट्रंक नेऊन ठेवायचीय."

आणि ती जाऊन सतरंजीवर बसली.

टेबलाकडे कोणी आलं नाही. येऊन करणार काय? आपली स्वतःची चावी कुठली, हेही अकरा मालकांपैकी एकाला ओळखता आलं नसतं. हमदुल्लाभाई चाव्यांकडे बघत होते. 

अखेर मुआज उठला. मऊ आवाजात म्हणाला, "खाला, असं काय करतेस? तू तर आमच्या घरातलीच—"

"मुआजभाई," किशोरीताईंनी मध्येच तोडलं, "घरातली हाय तर सांगा, काल खाला कुटं झोपल्या?"

मुआजने रुबिनाबाईंच्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पुढच्याकडे पाहिलं. ती नजर अकरा जणांतून फिरून पुन्हा मुआजपाशी आली.

"माज्या जाल्याच्या खोलीत," किशोरीताई म्हणाल्या. "पाच रोज झाले. जाली खाली अंथरून. मना बी काल कललां, सासूनं बगितलां म्हनून. आनि जानेवारीत मी याच खुर्चीवर बसून ठराव मंजूर बोललेली. मनात बोलली, बरां झालां, आमच्यातल्या एकाचा नंबर वर आला. माजी बी चूक हाय, लिवा भाऊसाहेब."

मी लिहिलं. सरपंच आपली चूक सभेत सांगते आणि लिहा म्हणते, असं वाक्य लिहिण्याची मला सवय नव्हती, म्हणून अक्षर जरा वाकडं आलं.

हमदुल्लाभाई हळूहळू उठले. "लाज राखायला बोललो," ते म्हणाले. "लाज गेली ती गेलीच, पोरीचां घर बी गेलां." अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला ते पोरी म्हणाले आणि डोळे पुसत खाली बसले.

आता प्रश्न कागदाचा होता. खाला दुसऱ्याच्या घरात राहते असं कोणी लिहून देईना, आणि दिलं नाही तर चौदा खोल्या तिच्या नावावर चिकटलेल्या. तिथे मला जे सुचलं त्याचा मला थोडा अभिमान आहे. एवढ्या चुकांनंतर तो माफ असावा. मी म्हटलं, "मुआजभाई, राहते असं लिहायची तुम्हाला भीती वाटते ना? नका लिहू. राहत नाही असं लिहा. न मालक म्हणून, न भाडेकरू म्हणून, न पाहुणी म्हणून. आज तर ते शंभर टक्के खरं आहे."

मुआजला त्यात धोका सापडेना. त्याने शोधून पाहिला. मग त्याने सही केली, आणि मागोमाग बाकीचे दहा आले. 'ही बाई आमच्या घरी राहत नाही,' असे अकरा कागद. एवढी खरी कागदपत्रं मी आयुष्यात कुठल्या प्रकरणाला जोडलेली नाहीत. सही करून वळताना मुआज खालासमोर थांबला. काहीतरी बोलणार होता. ती म्हणाली, "बिर्यानीचा गोश्त संध्याकाली येनार हाय, फ्रीज रिकामा कर जा." तो गेला.

राहिला क्रम. नियम असा की कोण आधी हे ग्रामसभेनेच ठरवायचं. पहिल्या नंबरावर कान्हा होता, कोळीवाड्यातला, होडीवर दुसऱ्याच्या हाताखाली जाणारा, कुडाच्या घरात सहा माणसं. मी विचारलं, खालाचं नाव कितव्या नंबरावर घ्यायचं?  हाच तो वाईटपणा, जो पूर्वी दिल्ली फुकटात घ्यायची. मग कान्हानेच हात वर केला. म्हणाला, "माज्या आदी घ्या. माज्याकडं गलका का होईना पत्रा हाय." त्याच्यामागे दोन्ही सतरंज्यांवरचे हात वर गेले. त्या दिवसापासून कान्हा मला रस्त्यात गाठून माझा नंबर कधी म्हणून शिव्या घालतो. चांगुलपणा एका सकाळीपुरता करता येतो, पत्रा वर्षभर गळतो. त्याचा राग रास्त आहे आणि मी ऐकून घेतो.

घरपट्टीचा विषय त्या सभेत विनाचर्चा मंजूर झाला. 

जागेचा प्रश्न त्यानंतर सुटला. मशिदीच्या मागे पंचायतीचा जुना कोंडवाडा आहे. मोकाट गुरं कोंडायची जागा. गावात गुरंच उरली नाहीत, त्यामुळे शेवटचा बैल दंड भरून सुटला त्यालाही पंचवीस वर्षं झाली. ती अर्ध्या गुंठ्याची जागा ग्रामसभेने ठराव करून खालाला दिली. ठराव तालुक्याला गेला. अधिकार गावाला दिले असले तरी कागदाला तालुक्याची हवा खाऊन यावंच लागतं. त्याला सात महिने लागले. तेवढे दिवस खाला जाळ्यांच्या खोलीतच राहिली. किशोरीताईंनी पैसे घेतले नाहीत, पण बोंबील निवडून घेतले. चाव्या? सभा संपल्यावर खालाने त्या गोळा करून परत डब्यात भरल्या होत्या. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, "घरांनी माजां काय वाकडां केलंय?"

यंदा मार्चमध्ये घर पूर्ण झालं. दोनशे एकोणसत्तर चौरस फूट, एक खोली, स्वयंपाकाचा कट्टा, संडास एक आणि त्याचा फ्लश चालू. हमदुल्लाभाईंनी उंबऱ्याचा दगड स्वतः आणून बसवून घेतला. शेवटचा हप्ता सुटायला पूर्ण झालेल्या घराचा फोटो चढवावा लागतो, आणि त्यात लाभार्थी घरासमोर उभा दिसावा लागतो. तालुक्याहून दिपेश आला. हा घरकुलांचा अभियंता, कंत्राटी, वय सव्वीस, दिवसाला चार गावं. मीही गेलो.

खालाने नवीन ओढणी घेतली होती. दिपेशने फोन रोखला, "उभ्या रहा," म्हणाला, फोटो काढला आणि बघितला. फोटोत घर होतं. दार, खिडकी, वर योजनेचं नाव रंगवलेलं. खाला नव्हती. ती एका बाजूला भिंतीलगत, श्वास धरून उभी होती.

"खाला, फोटोत या ना."

"घर नीट दिसतांय ना?" तिने विचारलं.

तिने पुन्हा जागा घेतली. त्याने पुन्हा बटण दाबलं आणि बरोबर त्याच क्षणी ती सरकली. आपण सरकतो आहोत हे तिला कळतही नव्हतं. तिसऱ्या फोटोत ओढणीचं टोक आलं. दिपेशला पुढच्या गावी जायचं होतं. तो वैतागून म्हणाला, "अहो खाला, बाजूला होऊ नका! तुम्ही दिसला नाहीत तर हे घर तुमचं होत नाही."

तिने ओढणी सारखी केली. मग चालत पुढे आली. दारापाशी थांबली नाही, ओट्यावर थांबली नाही, पायरी उतरून सरळ त्याच्या फोनच्या समोर येऊन उभी राहिली आणि डोळे मोठे करून आत पाहू लागली.

दिपेशने फोटो काढला. बघितला. कपाळावर हात मारून फोन मला दाखवला. पडदाभर खालाचा चेहरा होता. कानामागे कुठेतरी बोटभर भिंत.

"भाऊसाहेब, आता घरच दिसत नाहीये," तो म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. "पाठव."